लाल रिबिनीचा नारळ

आमच्या जहाजाच्या आचाऱ्याने, डेटलेफने, माझा नारळ संपवला. म्हणजे एकट्याने नाही. सगळ्या जहाजाला खाऊ घातला आणि खाणाऱ्यांत मीही होते. रविवारच्या कॉफीबरोबर डेटलेफने खोबऱ्याची बिस्किटं केली. मी चार खाल्ली, वर कृतीही विचारली. तेव्हा त्याने खिशातून एक लाल रिबीन काढली.

"नारळाला ही बांधलेली होती. तुझी का?"

हातातलं पाचवं बिस्किट मी हळूच ताटलीत परत ठेवलं.

रिबीन माझ्या पाच वर्षांच्या मुलीची, अन्वीची. मी जर्मनीतल्या कीलच्या एका संस्थेत समुद्रतळाच्या खडकांवर पीएचडी करते. पाच आठवड्यांची ही सफर मिळाली, तेव्हा सासूबाई अन्वीला सांभाळायला पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. त्यांची अट एकच होती, आणि ती त्यांनी नेमकी अन्वीसमोर सांगितली. "पहिलं बेट लागलं की समुद्राला नारळ द्यायचा. मग तो तुला नीट घरी पाठवील." अन्वीने लगेच आपल्या वेणीची रिबीन सोडून नारळाच्या शेंडीला बांधली.

केबिनमध्ये नारळ तडकेल म्हणून मी तो कोठीत बटाट्यांशेजारी ठेवला. आपल्याकडे नारळाने आणखी कुठे राहायचं असतं? पण जर्मन कोठीत ज्यावर नाव नाही ते सगळ्यांचं. विद्यार्थिदशेत चार जणांच्या घरात राहताना मी फ्रिजमधल्या दह्याच्या डब्यावरसुद्धा 'वैभवी' लिहायची. आणि इथे नारळावर नाही लिहिलं!

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. समुद्र नारळ घेऊन काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. काही करत नाही. पण निघाल्यापासून तीन आठवड्यांत अन्वी एकदाही फोनवर आली नव्हती. दर रविवारी जहाजाच्या सॅटेलाइट फोनवर दोन मिनिटं मिळायची आणि ती दोन्ही मिनिटं ती टेबलाखाली बसून काढायची. माझा नवरा सिद्धेश म्हणायचा, "हो, हो, मजेत आहे गं ती." त्याचा आवाज मात्र मजेत नसायचा. परवाच्या रविवारी तिने बापाकडून एवढंच विचारून घेतलं, की नारळ टाकला का? मी ऐटीत म्हणाले, "मंगळवारी बेट येतंय, तेव्हा टाकणार!" त्यानंतर तासाभराने बिस्किटं आली.

मंगळवारी सकाळी होर्टा बंदराला लागलो. अटलांटिकच्या मधोमध काळ्या खडकाचं बेट, त्यावर निळ्या फुलांची कुंपणं, आणि समोर दुसऱ्या बेटावर ज्वालामुखीचा डोंगर ढगाची टोपी घालून बसलेला. खडकांवर जीव असलेल्या बाईने तिथे लोळण घ्यायला हवी होती. मी दिवस किराणा दुकानांत घालवला. अननस भरपूर, नारळ एकही नाही. तिसऱ्या दुकानातल्या बाईंना मी हातांनी गोल करून दाखवला, शेंडी दाखवली, फोडूनही दाखवला. त्यांनी मला कांदा दिला.

डेटलेफ माझ्या मागे मान खाली घालून फिरत होता. "अननस टाकून चालणार नाही का?" त्याने दोनदा विचारलं. शेवटी तो मला धक्क्यावर घेऊन गेला. तिथे येणाऱ्या प्रत्येक जहाजाने भिंतीवर चित्र काढायचं, नाहीतर परतीचा प्रवास धड होत नाही, अशी खलाशांची समजूत आहे. आमचे दोन डॉक्टरेटवाले शास्त्रज्ञ आधीच गुडघ्यांवर बसून, पट्टी लावून जहाजाचं चित्र रंगवत होते. सासूबाईंच्या अटीची गोष्ट ऐकून हसलेल्या याच दोघांकडून मी ब्रश हिसकावला आणि कोपऱ्यात नारळ काढला, शेंडीला लाल रिबीन. खरी रिबीन डेटलेफने माझ्या मनगटाला बांधली.

मग घरी बोलायला बूथवरच्या फोनचं कार्ड घेतलं. वाटेत एक झकास थाप तयार केली होती: लाट, सूर्यप्रकाश, डुचमळत गेलेला नारळ. पण पलीकडून सासूबाईंचं "अगं, पोचलीस का?" ऐकलं आणि थाप कुठल्या कुठे गेली.

"आई, नारळ आम्ही खाल्ला."

मी सगळं सांगितलं, बिस्किटांच्या आकड्यासकट. माझं कार्ड भराभर संपत होतं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुझा काही भरवसा नाही. म्हणून काल मीच अन्वीला घेऊन किनाऱ्यावर गेले, दुसरा नारळ टाकायला."

"मग?"

"मग काय! एक धिप्पाड कुत्रा पाण्यात शिरला आणि नारळ तोंडात धरून परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा घेऊन आला. तीनदा! मालकीण बिचारी एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग करत माफी मागत होती. शेवटी घरी आणून नारळीभात केला. तुझ्या लेकीने दोनदा मागून खाल्ला. थांब, ती रिसीव्हर ओढतेय."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"मामा?" तीन आठवड्यांनी ऐकलेला आवाज. अन्वी माझ्याशी जर्मनच बोलते; मामा म्हणजे आई. "एअर कोम्ट इमर त्सुर्युक."

तो नेहमी परत येतो, असं ती मला नारळाबद्दल सांगत होती.

"हो गं राणी. कळलं मला आत्ता."

"उंट माइनं श्लाइफं?" माझी रिबीन?

"ती माझ्या हाताला बांधलीय."

कार्डावर शेवटचं युनिट उरलं होतं.

"गुट," ती म्हणाली, म्हणजे बरं. "मग तूपण येशील."

चक्क मराठीत. फोन कट झाला आणि मी रिसीव्हर हातात धरून ढसाढसा रडले. मागे उभ्या डेटलेफने घाबरून मला अननस देऊ केला.