कांताची हाक

बंडोपंत सरांना एका गोष्टीचा भारी राग. सगळ्याला एकच शब्द वापरला की कान पिळायचे. "विझलेली चूल चेतवतात, सुकलेलं रोप जगवतात, मोडलेलं हाड सांधतात, बंद पडलेला पंप चालू करतात. तुम्ही आपले सगळ्यालाच 'रिपेअर', गाढवांनो!" मीही त्या गाढवांतलीच. पुढे नालवाडीत त्यांच्याच शेजारी राहायला आले, आणि सरांना लकवा मारला तेव्हा सगळ्यांत आधी धावले ती मीच. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. अर्ध्या वर्धेला मराठी शिकवलेल्या माणसाला साधं पाणी मागता येईना. देवाला कधीकधी छडीनं फोडून काढावंसं वाटतं.

एकदा मेथी निवडता निवडता त्यांच्या बायको, इंदिराकाकू, म्हणाल्या, "मेघा, ते बाकी काही नाई बोलले तरी चालते मले. एकदा फक्त कांता म्हनाले पायजेत."

"कांता कोण?"

"मीच."

लग्नात सासूबाईंनी नाव बदललं होतं. ताटातल्या तांदळांत सरांनी अंगठीनं 'इंदिरा' लिहिलं, आणि मांडवात उखाणाही त्याच नावाचा घेतला. मग एकांतात कानाशी सांगितलं, की ते नाव लोकांसाठी, माझ्यासाठी तू कांताच. चारचौघांत नुसतं 'अगं' आणि स्वयंपाकघरात कांता, असा त्यांचा संसार झाला. काकूंचे आईबाप गेले, भाऊ गेला. त्यांना कांता म्हणणारं जगात एकच तोंड उरलं होतं आणि ते असं मुकं होऊन बसलेलं.

"मग जागृतीले सांगा ना!" मी म्हणाले. जागृती म्हणजे सरांकडून बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला येणारी सेलूची मुलगी. कामाला वाघ.

"इश्श! असं नाव परक्या पोरीले सांगतात काय? तुले माही शपथ आहे, बोलशीन नको."

त्यांनी जागृतीला 'इंदिरा'च सांगितलं होतं. ती बिचारी रोज सरांपुढे आरसा धरून इं-दि-रा घोकून घ्यायची. काकू शेजारी पदर सावरत बसायच्या, आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणाऱ्या बाईला अडवायचं तरी कसं?

सरांच्या तोंडून मात्र काहीच निघेना. शेवटी जागृती म्हणाली, "काकू, कधीकधी बोलता येत नाई, पण पाठ असलेलं येते. आरती म्हना, पाढे म्हना. सरांचं पक्कं पाठ काय आहे?"

काकू लाजल्या. "उखाना आहे एक." मग हळूच माझ्या कानाशी आल्या. "जीभ सुटू दे एकदा. मंग त्याच्यात मी कांता बसवीन."

त्यांनी पहिले दोन शब्द म्हटले. सरांचे ओठ थरथरले आणि मग पुढचं सगळं घडाघडा आलं:

"धाम नदीच्या काठी हिरवं हिरवं रान,
इंदिरेचं नाव घेतो, राखून सर्वांचा मान."

जागृतीनं टाळ्याच पिटल्या. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मुलगा सुश्रुत रडायला लागला. "आई, बाबांनी तुझं नाव घेतलं!" मी पळत जाऊन पेढे आणले. काकूही हसल्या. त्या हसण्याकडे माझ्यानं बघवेना.

सगळे पांगल्यावर काकू खाटेला टेकून बसल्या. "हिरवं हिरवं रान... कांताचं..."

"इंदिरेचं नाव घेतो," सर म्हणाले.

"कांताचं."

"इंदिरेचं." बैलगाडीचं चाक जुन्याच चाकोरीत जावं तसं.

काकूंनी दिवसांमागून दिवस हेच केलं. त्यातून एवढंच झालं, की उखाण्यातला तो एक शब्द सुटा निघाला. आता सरांना पाणी हवं असलं तरी इंदिरा, पंखा हवा असला तरी इंदिरा, आणि दूधवाला आला की तोही इंदिरा. माझा तर जीव तुटतो. चूल चेतवतात, रोप जगवतात, हाड सांधतात. गेलेल्या हाकेला काय करतात, ते सरांनी शिकवलंच नाही.

काल भाजी द्यायला गेले. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या होत्या. खाटेवरून सरांनी हाक मारली, अगदी स्वच्छ आणि मायेनं.

"इंदिरा!"

काकूंनी गॅस बंद केला. वळल्या नाहीत. "कां...," त्या म्हणाल्या, आणि पुढचं सरांनी म्हणावं म्हणून थांबल्या.

सरही थांबले. त्यांना वाटलं असावं, ऐकू गेलं नाही.

"इंदिरा!"

"ओ," काकू म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.