तापहारी बाबांचा दोरा

बोडीटोल्यात तापहारी बाबांच्या झोपडीपुढे ही झुंबड उडाली होती. सानगडीच्या बाजारालाही एवढी गर्दी नसेल. धानाची रोवणी ऐन भरात असताना लोक बांधीतला चिखल पायांवर घेऊन तसेच धावत आले होते.

बाबा दोऱ्यावर फुंकर मारत आणि गरजत, "ताप जाळीत अडकून राहिला! जाळी माझ्या हवाली करा, दोरा घेऊन जा. मायनं पोराच्या दंडाले बांधला का सकाळी ताप सफा!"

जाळी म्हणजे दवाखान्याने त्या साली, चौऱ्याऐंशीत, फुकट वाटलेली मच्छरदाणी. ती टांगतात की नाही हे बघायला नर्स कुंताबाई घरोघर फिरायच्या. उत्तर सगळीकडे एकच: "बाबाले देल्ली."

आणि गंमत म्हणजे दोरा लागू पडायचा! थडथड कापणारं पोर दुसऱ्या दिवशी अंगणात हुंदडायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिव भरलं, की बाबांचं उत्तर तयार असे. "घरात मासोळी शिजली असन!" आता झाडीपट्टीत, भर पावसाळ्यात, मासोळी न शिजणारं घर शोधायचं कुठे? माणूस ओशाळून मान खाली घाली आणि नवा दोरा मागे.

धुरपताही मागत होती. तिची चंद्रकांता तापाने पार पांढरी पडली होती आणि मायच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. त्या दिवशी दोरा पदराच्या गाठीत बांधून ती तशीच रोवणीला गेली. संध्याकाळी कंबर मोडून घरी आली आणि पोरीजवळच आडवी झाली. सकाळी चंद्रकांता चुलीपाशी बसून भात मागत होती. धुरपता हरखली. मग तिचा हात पदराकडे गेला. दोरा गाठीतच होता!

ती पोरीला घेऊन तडक कुंताबाईंकडे गेली. कुंताबाई म्हणाल्या, "अवं, हा हिवताप बहुतेक वेळा एक दिवस आड येते. बाबा तापाच्या दिवशी दोरा देते. दुसऱ्या दिवशी ताप तसाही नसते. रोग रक्तातच राहते, डासानं दिलेला. त्याले गोळ्या लागतात." त्यांनी पोरीच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, गोळ्या दिल्या आणि मायलेकींसोबत बाबांच्या झोपडीकडे निघाल्या.

चंद्रकांताला पाहून बाबांना चेव आला. "पाहा! काल मरून राहिली होती, आज पायावर उभी हाय!"

धुरपताने सर्वांसमोर गाठ सोडली. "बाबा, दोरा तं हा इथं हाय. मंग ताप काहून गेला?"

बाबांनी हात उंचावले. "श्रद्धा, बाई, श्रद्धा! पदरातूनबी शक्ती जाते. आता ताप आला तं समज, मासोळी खाल्ली!"

लोक माना डोलवू लागले. तेवढ्यात हिरालाल पुढे आला. त्याचं तान्हं लेकरू मागच्याच पंधरवड्यात दंडावर दोरा असताना गेलं होतं. "माह्या पोराच्या वक्तीबी तुमी हेच म्हटलं, बाबा. त्याले दात नोते आले. मायच्या दुधावर होता तो. मासोळी कोनं खाल्ली?"

बाबा मागे सरकून दार अडवून उभे राहिले. धुरपताचा नवरा डोमा याने झोपडीचा बांबूचा तट्टा ओढून काढला. आत बाबांची खाट होती, तिच्यावर चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी, आणि खाटेखाली बाजारात विकायला बांधलेले मच्छरदाण्यांचे गठ्ठे. डोमा म्हणाला, "बाबाले ताप काहून येत नाही, ते समजलं."

बाबा त्याच दुपारी गावाबाहेर झाले आणि गठ्ठ्यांतल्या मच्छरदाण्या ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या. चंद्रकांताने गोळ्या पुऱ्या केल्या आणि तिचा ताप गेला तो गेलाच. बाबा गेले त्याच दिवशी दिवेलागणीला कुंताबाई पुन्हा घरोघर फिरल्या. मच्छरदाणी घरात आहे, एवढ्यावर आता त्यांचं समाधान होईना. आत कोण निजलं आहे, तेही त्या वाकून बघत. हिरालालच्या घरातही मच्छरदाणी टांगलेली होती. आत कोणीच नव्हतं.

मंडळी, देवाला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण ताप आला की रक्त तपासा, गोळ्या पुऱ्या घ्या आणि लेकराला मच्छरदाणीत निजवा. हिरालालला हे सांगायला आपण सगळेच उशिरा पोचलो.