कॅमेलियाला दोन ओंजळी राख

सलमा डायलिसिससाठी पुण्याला लेकीकडे गेली, त्याला आता तीन महिने झाले. तिचा नवरा गौसभाई ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. इथं तिचं करायला कोण? म्हणून लेक आफशीन येऊन घेऊन गेली. जाताना सलमानं शेजारीण म्हणून घराची किल्ली माझ्याकडे दिली. किल्लीबद्दल एक वाक्य बोलली आणि झाडाबद्दल अर्धा तास.

झाड कॅमेलियाचं. चार वर्षांपूर्वी गौसभाई निलगिरीकडे माल घेऊन गेला होता, तेव्हा वीतभर रोप केबिनमध्ये पायाशी ठेवून घेऊन आला. चहाच्या जातीतलं झाड. आमच्या कळंब्यात ते जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सलमानं जगवलं. गगनबावड्याकडची तांबडी माती आणवली, पावसाचं पाणी दोन निळ्या पिंपांत साठवलं, सकाळचं ऊन मिळेल पण दुपारचं नाही अशी जागा फणसाखाली धरली. यंदा पहिल्यांदाच कळ्या आल्या. अकरा.

"आक्का, बोअरचं पाणी न्हाई घालायचं. काळी माती न्हाई, शेणखत न्हाई, युरिया न्हाई. ह्येला आंबट माती लागती. आनि लई लाड करू नका."

"माझ्याकडं लाड न केल्यालं एक तरी झाड हाय व्हय?"

"त्येचंच भ्या वाटतंय मला," ती म्हणाली आणि हसली.

रोज सकाळी मी पिंपातलं दोन तांबे पाणी घालायची. रोज संध्याकाळी तिचा फोन. सुई टोचून आलेली असली की आवाज खोल गेलेला असायचा, तरी पहिला प्रश्न तोच. "किती हाईत?" मी सांगायची, अकरा. संक्रांतीच्या आसपास फूल उमलेल, तेव्हा दोन दिवसांसाठी का होईना येणार, असं तिनं डॉक्टरांना बजावून ठेवलं होतं.

मार्गशीर्षात आमच्या दत्तमंदिरात सप्ताह बसला. सातही दिवस मी पुढच्या रांगेत. कीर्तनाला बसले की माझे गुडघे दुखत नाहीत, घरी गॅसवर काय ठेवून आले ते आठवत नाही. काल्याच्या दिवशी बुवांनी चराचरात तोच एक भरलेला आहे हे असं काही रंगवलं, की समोरच्या मांडवाच्या बांबूलाही हात जोडावेत असं वाटलं.

महाप्रसादाच्या चुलीतली राख आमच्याकडच्या बायका झाडांसाठी घरी नेतात. कीड लागत नाही, आणि प्रसादाची म्हणून भावही असतो. मी बादलीभर आणली. तुळशीला, जास्वंदीला, कढीपत्त्याला मूठमूठ घातली. मग मनात आलं, ते बिचारं परमुलखातलं, त्यालाच का वगळायचं? सलमानं खत नको म्हटलं होतं, राख काही खत नव्हे. कॅमेलियाला मी दोन ओंजळी घातली आणि वर पाणी दिलं.

दहा-बारा दिवसांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. मग एका सकाळी तीन कळ्या न उमलताच खाली.

आमचे हे म्हणाले, "थंडीनं असंल." मी नर्सरीवाल्या बाळासोला बोलावलं. त्यानं बुंध्याशी बोट घातलं आणि वर बघितलं.

"काय घातलासा?"

"काय न्हाई. राख. काल्याची."

"परसाद मानसास्नी असतोय, आक्का. ही माती चुन्यागत करून ठेवलासा की!"

त्यानं वरचा थर खरवडून काढला. पावसाच्या पाण्यानं माती धुवायची म्हणाला. एक पिंप केव्हाच संपलं होतं, दुसऱ्यात अर्धं उरलं होतं, ते सगळं ओतलं. फिल्टरच्या पाण्याचे चार कॅन आणून ओतले.

"आता पुढं?"

"पुढं काय न्हाय. मुळं जळाली असतील तर गेलं."

"आरं, एखादं औषध सांग की."

"तुमी लांब ऱ्हावा, ह्येच औषध."

मी लांब राहिले. म्हणजे हात लावला नाही. पण दिवसातून चार वेळा फणसाखाली पाट टाकून बसायची. नाम घ्यायची. नाम घेताघेताच कळी पडलेली दिसायची. आयुष्यभर कुणाचं दुखलंखुपलं की उठून काहीतरी केलं, निदान चहा तरी टाकला. इथं नुसतं बसायचं होतं.

संध्याकाळी फोन. "किती हाईत?"

"अकरा."

आठ होत्या तेव्हा अकरा. पाच होत्या तेव्हा अकरा. दोन उरल्या तरी अकराच. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गळ्यात माळ घालून बरं जमतंय तुला."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळीच आफशीनच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. मी फणसाखालीच होते. सलमाचं तोंड सुजलेलं, डोक्याला ओढणी गुंडाळलेली.

"आक्का, डॉक्टर सोडत न्हाईत. पानी भरलंय म्हंत्यात छातीत. माझं काय आता येनं हुईत न्हाई. फूल दावा."

नेट नाही म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. पण तिचा तो चेहरा बघून बोलवेना. मी फोन फिरवला.

एकच कळी होती, टोकाला तपकिरी पडलेली.

"राख घातलासा," सलमा म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पयल्या वर्षी मीबी घातलती. चुलीतली, मूठभर. असंच झालतं, शिरा हिरव्या आनि पान पिवळं."

"मग सलमे, मला सांगितलं का न्हाईस?"

"लाज वाटली. ह्येनी एवढ्या लांबनं आनल्यालं. अजून ह्यास्नीबी ठावं न्हाई."

माझ्या जिवात थोडा जीव आला. "मग तवा वाचलं कशानं?"

"पावसानं. जून लागला हुता. आठ दिस सलग झोडपला, सगळी राख धुऊन गेली."

मी वर बघितलं. फणसाच्या पानांतून जानेवारीचं स्वच्छ, निळं आभाळ दिसत होतं. जूनला पाच महिने होते. तिनंही तेवढंच मोजलं असावं.

"अकरा म्हनत हुतासा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"व्हय," मी म्हणाले.

"ठेवू का फोन?" मी विचारलं.

"नगं. तसाच धरा. बघू दे."

मी फोन त्या कळीसमोर धरून उभी राहिले. पलीकडे कुठलंतरी मशीन टकटक करत होतं. हात भरून आला तशी मी फोन दुसऱ्या हातात घेतला.