डावा हात वर

तपासणीच्या आदल्या दिवशी मी वर्गाकडून एक सराव करून घ्यायचो. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि कोणाला उठवायचं ते मला कळतं. ही युक्ती मला पहिल्या नेमणुकीच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी शिकवली होती. सव्वीस वर्षं मी ती वापरली. मुलांना त्याची मजा वाटायची. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. दोंडाईच्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका गावात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. त्या गावात माझी ही दुसरी खेप; पहिल्यांदा होतो तेव्हा मी तरुण होतो. माझ्याकडे तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग होता. चौथीत दिपमाला नावाची मुलगी होती. शेवटच्या ओळीत, भिंतीला पाठ लावून बसायची. अक्षर सुबक, वही नीटनेटकी, पण फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेण्यापलीकडे तिला फार काही येत नव्हतं. वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की ती पेन्सिलीला टोक काढायला लागायची. मी तिला कधी काही विचारत नसे. तिला ओशाळं वाटू नये म्हणून विचारत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. तपासणीला नवे साहेब आले. चाळिशीचे, हसतमुख. त्यांनी खडू हातात घेऊन विचारलं, "पस्तीसला चारने भागलं तर बाकी किती उरेल?"

सगळे हात वर गेले. पाच उजवे, बाकी डावे. मी पुढच्या ललितकडे बोट करणार, तोच साहेब म्हणाले, "गुरुजी, तुम्ही थांबा. मी विचारतो. ती मागची. हां, लाल स्वेटरवाली. तू सांग बेटा."

दिपमाला उभी राहिली. तिचा हात अजून वरच होता.

"सांग ना. हात वर केलास ना तू?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण करू शकलो नाही. मग ती अगदी हळू, पण स्पष्ट बोलली, "साहेब, माझा डावा आहे."

"डावा? म्हणजे?"

आमचा ललित मदतीला धावला. हुशार मुलगा, साहेबांना कळत नाही हे त्याला सहन होईना. "साहेब, येत नसलं तर डावा करायचा असतो!"

वर केलेले हात एकेक करून खाली आले. मुलांना काय घडलं ते समजलं नव्हतं, पण माझा चेहरा त्यांना दिसत होता. साहेबांनी खडू टेबलावर ठेवला, "बस हं, बेटा," म्हणाले आणि पुस्तकातली एक कविता सगळ्यांना म्हणायला लावली. शेरेबुकात त्यांनी दोन चांगल्या ओळी लिहिल्या. निघताना गाडीपाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "आमच्या गुरुजींचीही हीच पद्धत होती बरं का. मी उजव्यातला होतो."

त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

वर्गात परत आलो तेव्हा मुलं खिचडीच्या रांगेत उभी होती. दिपमाला ताटली घेऊन माझ्या समोरूनच चालली होती. मी म्हणालो, "डोकं नाही ते नाही, निदान तोंड तरी बंद ठेवायचंस."

एवढंच. ओरडलोही नाही. तिने मान हलवली, "हो सर" म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करताना मी घाईने पुढच्या नावावर जायचो. पाचव्या दिवशी तिच्या शेजारी राहणारी मयुरी म्हणाली, "सर, दिपमाला आता येणारच नाही. तिची आई म्हणते, चौथी झाली काय अन् नाही झाली काय, मांडे शिकली तर पोटाला लागेल."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घराकडे निघालो. गाडी न काढता पायीच गेलो. लवकर पोचायचं नव्हतं.

दिपमालाची आई सुनंदाबाई मांडे करण्यात पटाईत होती. आमच्या खानदेशात लग्नात, सणात खापरावरची पुरणपोळी होते, तेच मांडे. चुलीवर मातीचं खापर पालथं घालतात आणि पोळपाट-लाटणं न वापरता, ओल्या हातांवरच पोळी फिरवत फिरवत परातीएवढी मोठी करून त्यावर टाकतात. लग्नसराई सुरू झाली होती. सुनंदाबाईकडे ऑर्डरी होत्या. अंगणात चूल पेटलेली, बाजूला पुरणाचं पातेलं, आणि दिपमाला कणकेचे गोळे करत बसलेली. मला बघून ती उठली आणि घरात गेली.

तिचा बाप जितेंद्र दोंडाईच्याला मिरचीच्या गोदामात कामाला होता. नुकताच घरी आलेला. त्याने खाट पुढे ओढली. "बठा गुरुजी. तुम्ही कसाले उनात? निरोप धाडता, मीच येतू."

"पोरीला शाळेत पाठव, जितेंद्र."

"पाठाडसू. पन तीच नही म्हनस."

सुनंदाबाई चुलीपासूनच बोलली, "ती म्हनस, सरले मन्हामुये साहेबनापुढे खाली पाहनं पडनं. आते कोनता तोंडघाई जाऊ?"

माझ्यामुळे सरांना मान खाली घालावी लागली, आता कोणत्या तोंडाने जाऊ. दहा वर्षांची पोर असं म्हणत होती. मी खाटेवर बसून चप्पल बघत राहिलो.

जितेंद्र हसला. त्याच्या हसण्यात टोचणी नव्हती. मला धीर द्यायला तो हसत होता. "मीच तिले सांगेल व्हतं, गुरुजी. म्हनलं, सर सांगतीन तसं करो. डावा त डावा. इज्जत ऱ्हास. मी बी डावाच व्हतू ना!"

मी वर बघितलं.

"वयखं नही का? तुम्ही पहिल्यांदा उनात तवय मी तिसरीले व्हतू. पाठीमांगे, खिडकीपान बठू. दोन साल मा एकदाव बी तुम्ही माले उठाडं नही." मग बायकोकडे वळून, जणू माझी तारीफ करत म्हणाला, "गुरुजीनी कधी हात बी उगारा नही, हं."

मी त्याला ओळखलं नव्हतं; आताही तो आठवेना. खिडकी आठवली, तिच्यावर चिकटवलेला महिन्यांचा तक्ता आठवला. त्या खिडकीपाशी दोन वर्षं बसलेला पोरगा मात्र आठवेना. मारलं तरी असतं तर मला त्याचा चेहरा लक्षात राहिला असता, असा एक विचित्र विचार मनात आला आणि त्याचीही लाज वाटली.

चूक झाली असं म्हणायला मी आलो होतो. शब्द बाहेर पडेनात. दुसऱ्यांना चुका दाखवण्यात सव्वीस वर्षं गेली. स्वतःची कशी सांगतात याची मला सवय नव्हती. काहीतरी करायचं म्हणून मी चुलीपाशी जाऊन पाटावर बसलो आणि म्हणालो, "सुनंदाबाई, मला एक मांडा करून बघू द्या."

"आवो गुरुजी, कसाले! हात भाजी ना तुम्हना."

"दिपमाला शिकवेल मला. दिपमाला, ये बाहेर."

ती दारात येऊन उभी राहिली. आईने डोळ्यांनी खुणावलं तेव्हा जवळ आली. तिने माझे हात पाण्याने ओले केले, पुरण भरलेला गोळा तळव्यावर ठेवला आणि स्वतः एक घेऊन दाखवू लागली. ती करत होती तेव्हा सोपं वाटत होतं. माझा गोळा मी तीन वेळा फिरवला आणि तो फाटला. पुरण मनगटावरून ओघळलं. कुंपणापाशी जमलेली पोरं खिदळली. "सरले येत नही! सरले येत नही!" ललितही त्यात होता.

माझे कान गरम झाले. पन्नाशीचा माणूस, गावातले लोक बघतायत, हातावर पुरण. उठून जावंसं वाटलं. मी फार तर दोन मिनिटं तिथे तसा बसलो होतो. ही पोर दोन वर्षं बसली होती.

दिपमाला हसली नाही. तिने फाटलेला भाग चिमटीत धरून मिटवला, पीठ लावून गोळा पुन्हा माझ्या हातावर ठेवला. "फाटनी ते फाटनी. आखो एकदाव करा. मधमा जोर नका लावू, सर. कड धरा."

दुसरा फाटला. तिसराही. प्रत्येक वेळी ती तेच सांगे, त्याच आवाजात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. मध्ये एकदा तिने माझ्या हातांखाली स्वतःचे हात धरले, आणि पोळी फिरायला लागल्याबरोबर हळूच काढून घेतले. मला कळलंही नाही कधी काढले ते. चौथी पोळी कशीबशी खापरावर पडली. वेडीवाकडी, एका बाजूला जाड.

"व्हयनी," ती म्हणाली. झाली.

तेव्हा मला बोलता आलं. "दिपमाला, त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती. तू खरं बोललीस. डावा हात करायला मी शिकवलं, ती माझी चूक. आणि नंतर जे बोललो ती त्याहून मोठी."

तिने खापराकडे बोट केलं. "सर, उलटा. करपी जाई."

सोमवारी ती आली. मी वर्गाला सांगितलं की आजपासून डावा हात बंद. येत नसेल तर तसं तोंडाने सांगायचं. मुलांना ते पटलं नाही. पंधरा दिवस कोणी काही सांगितलं नाही, सगळे नुसते मख्ख बसून राहायचे. मग मीच रोज एक न येणारी गोष्ट सांगू लागलो. मला पोहता येत नाही. मला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही. मयुरीने तो पाठवायला शिकवला. हळूहळू तोंडं उघडली.

दिपमालाला मी शाळा भरण्याआधी अर्धा तास बोलवायचो. भागाकाराचं नाव काढलं नाही. दुसरीच्या पुस्तकापासून सुरू केलं, चिंचोके घेऊन, हातच्यापासून. जानेवारीत एकदा तेच गणित ती सहाव्यांदा चुकली आणि माझ्या तोंडून निघालं, "किती वेळा..." मी तिथेच थांबलो. तिने पेन्सिल खाली ठेवली होती. पुढचे तीन दिवस मागे गेल्यासारखे झाले. जे येत होतं तेही येईना. ते अर्धं वाक्य मला फार महाग पडलं. त्यानंतर मी पुरणाच्या पोळीसारखं करून बघितलं. तिची पेन्सिल चालू लागेपर्यंत माझं बोट वहीवर ठेवायचं, आणि चालू लागली की काढून घ्यायचं. कधी काढायचं ते मला तिच्याइतकं नीट कधीच जमलं नाही. एक तर लवकर काढायचो, नाहीतर फार वेळ ठेवायचो.

मार्चमध्ये तिने एकदा आपणहून फळ्यावर येण्याचं म्हटलं. चौऱ्याऐंशी भागिले सहा. पहिली पायरी लिहिली, दुसरीत अडकली. ललित खालून ओरडला, "चुकलं!"

ती वळलीही नाही. "गप रे. आजून व्हयनं नही."

तिने फ्रॉकच्या बाहीने आकडा पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. खिचडीची घंटा झाली. अर्धा वर्ग ताटल्या घेऊन पळाला. ती तिथेच होती. चौदा लिहून खाली दोन रेघा ओढल्या तेव्हा वर्गात आम्ही चौघंच उरलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खडूचे हात झटकले आणि ताटली शोधू लागली. मला वाटतं, तोच माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला दिवस होता.

जूनमध्ये जितेंद्र शाळेचा दाखला न्यायला आला. गावात चौथीपर्यंतच शाळा. सुनंदाबाईने तिला पाचवीला दोंडाईच्याला घालायचं कबूल केलं होतं. मी दाखला लिहिला, शिक्का मारला, आणि त्याला खुर्ची दिली. तो बसेना. गुरुजींसमोर खुर्चीवर बसायची त्याला सवय नव्हती.

"जितेंद्र, तुझ्या त्या दोन वर्षांबद्दल मला तुझी माफी मागायचीय."

तो गोंधळला. टोपी काढली, पुन्हा घातली. "आसं नका बोलू, गुरुजी. माले लाज वाटस." खरंच त्याला लाज वाटत होती; कानापर्यंत लाल झाला होता. माझ्या मनावरचं ओझं मी त्याच्या हातात ठेवलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. त्याचं जे राहिलं ते राहिलंच. माझ्या माफीने त्याला भागाकार येणार नव्हता.

दाखल्याची नीट घडी घालून त्याने खिशात ठेवली. दारापर्यंत गेला आणि परत वळला. जे विचारायचं ते विचारावं की नको, असं त्याला झालं असावं.

"गुरुजी, तठे पाचवीले गणित कोन शिकाडस? मानूस कसा शे?"

मला त्या शिक्षकांचं नाव माहीत होतं. कसा माणूस आहे ते माहीत नव्हतं. चांगला आहे, काळजी करू नको, असं म्हणणं सोपं होतं, आणि ते ओठांवर आलंही होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तू जा. वर्गात मागे बसून बघ. आवडलं नाही तर त्यांना तसं सांग."

"मी?"

"हो. तू तिचा बाप आहेस."

त्याने खिशातला दाखला वरूनच एकदा चाचपला. मग म्हणाला, "सोमवारी गोदामले सुट्टी शे. जासू."