कोळ्यापाशी अडलेलं वाचन

आमच्या शब्दकोश कार्यालयात छपाईआधीचं शेवटचं वाचन मोठ्याने होतं. मुख्य संपादक पान वाचतात, समोर मी मूळ प्रत धरून बसते. प्रत्येक शब्दानंतर मी "पुढे" म्हटलं तरच ते पुढे जातात. नियम त्यांनीच केलेला आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

शब्दांचे उगम माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, शोधलेले. त्यात त्यांचे डोळे गेले. आता घरी खुर्चीत बसून रोज विचारतात, "सूनबाई, कोळी आला का गं?" त्यांचा फार जीव त्या शब्दावर.

काल आला. साहेबांनी खणखणीत वाचलं, "कोळी: जाळ्यात भक्ष्य पकडणारा कीटक. लाक्षणिक अर्थ: कारस्थानी माणूस."

बस्स. उगम गायब! सकाळपासून प्रत्येक शब्दाचा गायबच होता. यांच्या लांबलचक प्रस्तावनेला आणि फोटोला जागा हवी होती ना! इतका वेळ मी नुसती दातओठ खात होते, पण इथे तळपायाची आग मस्तकात गेली. आठ पायांच्या प्राण्याला कीटक म्हणतात, वर कारस्थानी ठरवतात! बाबांनी लिहिलं होतं: संस्कृतात 'तंतुवाय' म्हणजे विणकरही आणि कोळीही, इंग्रजीतलं नाव सूत कातण्यावरून आलेलं, आपल्या कोळ्यामागेही 'कौलिक' म्हणजे विणकरच असावा. बिचाऱ्याला नाव मिळालं ते कामावरून. यांनी काम खोडलं आणि शिवी तेवढी ठेवली.

"पुढे म्हणा," साहेब म्हणाले.

मी मूळ प्रतीतल्या उगमावर बोट ठेवलं.

"अहो, छापखान्याचा माणूस खोळंबलाय बाहेर."

"नाही म्हणत."

"एका कोळ्यासाठी अडून बसणार?"

"नियम तुमचाच आहे, साहेब."

ते लालबुंद झाले. "आणि जागा कुठून आणू?"

"प्रस्तावनेतून. तिथे तुम्ही स्वतःचं कौतुक दोनदा केलंय. एकदा पुरे."

छापखान्याचा माणूस दारात येऊन घड्याळ दाखवू लागला. शेवटी साहेबांनी चरफडत लाल पेन उचललं, कीटक खोडला आणि उगम जागच्या जागी लिहिला.

घरी येऊन बाबांना ती नोंद वाचून दाखवली. त्यांचा चेहरा खुलला. मग माझा हात चाचपत म्हणाले, "आणि कापूस? तो तर कोळ्याच्या आधी येतो. त्याचा उगम नीट छापतायत ना?"

सकाळी कापसाला मी मुकाट्याने "पुढे" म्हणून बसले होते.