फळ्यावर माझं नाव

सत्त्याण्णव साली, पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात, महिला मंडळाच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. नवऱ्याला, सहादेवला, वाचता येत नव्हतं. पण माझं अक्षर लोकांना दाखवायला तो रोज तिथं थांबायचा.

एका सकाळी मी लिहिलं : ‘काल नवऱ्यानं मला पट्ट्यानं मारलं. – जयमाला.’

बायकांनी वाचलं आणि आत गेल्या. म्हाताऱ्या मास्तरांनी दोनदा वाचलं. तेवढ्यात सहादेव आला.

“आमच्या हिनं लिहिलंय. काय हाय आज, गुरुजी?”

“सुविचार हाय,” मास्तर म्हणाले. “अक्षर लई देखणं हाय.”

सहादेव हसला.

दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य लिहिलं. अक्षर आणखी नीट काढलं.