पाणी ठीक आहे

नागसेनने बादलीतल्या पाण्यात बेताने ॲसिड सोडलं आणि स्विमिंग पूलच्या खोल टोकाला फिरवत ओतलं. पंप चालूच होता. बऱ्याच वेळाने त्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. काल भडक गुलाबी झालेलं पाणी आज केशरी-लाल उतरलं. पीएच जागेवर आला होता. राहनाळच्या बंगल्यामागे मिठाच्या पाण्याचा हा पूल त्याने मोठ्या हौसेने बांधला होता. पण त्या पाण्याची खोडच अशी, की लक्ष हटलं की पीएच चढलाच.

आठवडाभर तो त्याच्याच मागे लागला होता. शेजारच्या रंजितावहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमच्या पाण्याने पोरीचे डोळे चुरचुरतात." तेव्हापासून त्यांची हेमाली आलीच नव्हती. आज तर त्याच्या लेकीचा, क्षितिजाचा वाढदिवस.

हेमाली कुंपणापाशी घुटमळताना दिसली.

"ये की गं. पाणी ठीक आहे आता. डोळे नाही झोंबणार."

"माझे डोळे कुठं झोंबले, काका?" ती सरळ म्हणाली. "आजी बोलली, त्यांच्या पाण्यात न्हाय जायचा. मग आईने डोळ्यांचं सांगितलं."

शेजारच्या घरातून हाक आली तशी हेमाली पळाली.

नागसेनची कानशिलं तापली. नळी मुठीत धरून तो फाटकाकडे निघाला. वनिता, त्याची बायको, आडवी आली. तिनेही सगळं ऐकलं होतं.

"कुठे?"

"दाखवतो त्यांना. काय वाईट आहे या पाण्यात?"

"एरवी रविवारी एकदा पाणी बघता तुम्ही. पोरगी त्यातच पोहते. या आठवड्यात रोज दोनदा कोणासाठी बघत होता?"

"म्हणजे चूक माझी?"

"चूक त्यांचीच. परीक्षा मात्र तुम्ही देताय."

मग त्याने नळी जास्वंदीच्या बुंध्याशी रिकामी केली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पूलच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला.

एव्हाना पाण्यात उतरलेली क्षितिजा पोहत जवळ आली.

"बाबा, हेमाली येतेय ना?"

"नाही."

"पाणी अजून खराब आहे?"

"पाणी कधीच खराब नव्हतं. तिच्या आजीला तू-मी चालत नाही."

बोलताना त्याचा आवाज चढला. शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. त्याने आवाज खाली आणला नाही.